अकरा इंची पंखा

मित्रांनो, क्लबच्या फळ्यावर हा कागद लावताना मान वर होत नाही.

आज सकाळी आरेच्या मैदानात सावंतचं रिमोटवर उडणारं छोटं विमान कोसळलेलं तुम्ही पाहिलंत. आठ महिने खपून त्याने ते बनवलं होतं. नव्या इंजिनाला कोणता पंखा लावायचा, हे त्याने मलाच विचारलं होतं. "अण्णा, तुम्ही जुने. हा इंजिनासोबत आलेला इंग्रजी कागद जरा वाचा ना."

माझी शाळा गावातली. कागद कळला नाही, पण तसं म्हणवेना. मोठा पंखा जास्त ओढेल, अशा अंदाजाने अकरा इंची सांगितला. इंजिनाला तो पेलला नाही. ते तापलं आणि विमान चढत असतानाच बंद पडलं.

"दुकानदाराने खराब इंजिन गळ्यात मारलं," तुम्ही म्हणालात. मी मान डोलावली.

घरी मुलीने कागद वाचला. दहा इंचीहून मोठा नको, असं स्पष्ट लिहिलं होतं.

देवापुढे हात जोडवेनात. तसाच सावंतकडे जाऊन खरं सांगितलं. तो म्हणाला, "कळत नाही म्हणाला असतात, तर दोघांनी मिळून कुणाला तरी विचारलं असतं ना, अण्णा."

पन्नाशीला आलो, तरी एवढं म्हणणं मला का जमू नये? तुम्हाला जमतं का?

आणि दुकानदाराला घातलेल्या शिव्या परत घ्या. त्या माझ्या आहेत.