येसराचा उपास

लोक मला माप विचारतात. धने किती, जिरे किती, किलोला मिरच्या किती. पुंडलिकनगरातल्या शिकल्यासवरल्या बायका वही घेऊन येतात अन् मी ‘अंदाजानं’ म्हटलं की त्यांना वाटतं, म्हातारी लपवतेय. लपवून मी काय वर नेणार आहे? माझ्या मायेनं कधी तराजू धरला नाही. तिचं माप तिच्या नाकात होतं, कानात होतं, अन् ते माझ्यात निम्मंसुद्धा उतरलेलं नाही. माझी सून दुकानातनं मसाल्याची पाकिटं आणते. आणू दे. मी काही बोलत नाही, म्हणजे दिवसातनं एकदाच बोलते.

मी सांगते ते येसराचं. येसर हा आमच्या मराठवाड्याचा मसाला. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, एकेक वेगळं खरपूस भाजायचं. मग धने, जिरे, मिरे, लवंगा, दगडफूल, सुंठ, हळकुंड, सुकं खोबरं, थोड्या मिरच्या. सगळं कांडून वर्षभराचं बरणीत भरायचं. आमटीला दोन चमचे लावलं की आमटी दाट होते अन् पोट शांत राहतं. आमच्या घराचं सगळं एकदा या एवढ्या साध्या येसरावर येऊन ठेपलं होतं.

मी तेव्हा तिसरीत होते. पाचोडकडं आमची मेंढरं होती, ती चुलत्याच्या हवाली करून आबा, माझा बाप, शहरात आला अन् चिकलठाण्याच्या एका कंपनीत लागला. तेव्हा दर महिन्याला कुठली ना कुठली नवी शेड उभी राहायची अन् खेड्यातली माणसं सायकलीवर डबा लावून तिकडं निघायची. आबा अजून टेंपरवारी होता. महिन्यात चार खाडे झाले की नाव कटलं, असा हिशोब. नाव कटलं की परत मेंढरं अन् माझी शाळा बंद, हे मायेनं मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी झोपेतसुद्धा सांगितलं असतं.

पुंडलिकनगरात तेव्हा घरं कमी अन् मोकळे प्लॉट जास्त. आम्ही भाड्याच्या एका खोलीत. तिथं ना अंगण, ना उखळ. मग मायेनं आयुष्यात पहिल्यांदा दुकानातलं सुट्टं तिखट अन् तयार मसाला आणला. रंग असा लालभडक की माय स्वतःच खूश झाली होती. महिन्या-दोन महिन्यांत आबाच्या पोटात जाळ उठायला लागला. डबा तसाच परत यायचा. दोन भाकरी, वर तसंच भाजीचं कोरड्यास. आबा बारीक होत गेला, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. त्या महिन्यात तीन खाडे झाले होते.

कंपनीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् मसाला बंद सांगितला. आबा आळणी दोन दिवस जेवला अन् तिसऱ्या दिवशी म्हणाला, “जाऊ परत. मेंढरामागं बरा व्हतो मी.”

मायेनं पेल्यात पाणी घेतलं अन् त्यात ते तिखट चिमूटभर टाकलं. पाणी क्षणात लाल झालं अन् बुडाला रेतीसारखं काहीतरी बसलं. तो पेला तिनं आबासमोर ठेवला. “ह्ये खातोय आपून,” ती म्हणाली. “मला आठ दिस द्या. येसर करते. मग बी जळलं पोट, तर मीच गठुडं बांधते.”

ती एस्टीनं पाचोडच्या बाजाराला जाऊन धने, मिरच्या घेऊन आली. दोन दिवस गच्चीवर वाळवण. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा कामावर गेला अन् मायेनं भाजायला घेतलं.

आता इथं आमच्या घरची एक रीत सांगायला पाहिजे. येसर भाजणाऱ्या बाईनं बरणीचं तोंड बांधेपर्यंत काही तोंडात घ्यायचं नाही. चव नाही, घास नाही, पाण्याचा थेंब नाही. वर्षाचं साठवण ते. उष्ट्या तोंडानं केलं तर बरकत जाते, किडे पडतात, असं माझ्या आजीनं मायेला सांगितलेलं. म्हणून सगळं वासावर अन् आवाजावर. माय डोळे मिटून कढईपाशी बसली होती. धने आधी जड वाजतात, म्हणाली, मग हलके होतात अन् सरसर बोलायला लागतात. मी कान लावला तर मला नुसता उलथन्याचा आवाज. ती मात्र एकदम कढई उतरवायची. मी तोंडाचा आ करून बघत राहिले होते. आजही धने भाजताना मी डोळे मिटते. पन्नास वर्षांची सवय झाली तरी दर खेपेला दोन-चार धने करपतातच.

भाजलेलं त्याच दिवशी कांडावं लागतं. ठेवलं की सादळतं, वास उडतो. माय ते गारखेड्यातल्या कांडपाच्या गिरणीत नेणार होती. टोपली डोक्यावर घेतली अन् घरमालक धावत आला. “कुठं चाललाव? समदं बंद हाय. गावात गडबड झाली.”

ती नामांतराची वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरनं शहर धुमसत होतं. मला त्यातलं एवढंच कळायचं की शाळेला अचानक सुट्टी मिळते अन् मोठी माणसं दारं लावून हळू बोलतात. गिरणी बंद, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माय टोपली घेऊन दारात उभी राहिली. सगळ्या पैशाचं सामान त्या टोपलीत होतं अन् आबाचे आठ दिवसही.

समोरच्या प्लॉटवर एका मावशीचं घर होतं. भाड्याचं नाही, स्वतःचं, दोन खोल्या अन् पुढं अंगण. अंगणात गावाकडनं आणून पुरलेलं दगडी उखळ. मावशी बौद्ध. तिच्या दारावर निळा झेंडा होता अन् तिचा नवरा त्या दिवशी मोर्चाला गेला होता. मी तिच्या अंगणात खेळायचे. पण पाणी प्यायला रस्ता ओलांडून आमच्या घरी पळायचे. मायेनं तसं बजावलं होतं. मावशीनं कधी विचारलं नाही, पण दर वेळी मी पळताना ती बघायची.

माय टोपली घेऊन तिच्या अंगणात गेली. मी मागं मागं.

“आक्का, घटकाभर उखळ देता का? दोघी लागलो तर दिस मावळायच्या आत उरकंल.”

मावशीनं टोपलीत हात घातला, चार दाणे नाकाजवळ नेले अन् तिचं तोंड उजळलं. “येसर व्हय. लई दिसांनी वास आला गं बाई.” तिनं घरातनं दोन मुसळं काढली, उखळ झाडलं. मग म्हणाली, “बसा आधी. घोटभर चहा घ्या, मग धरू.”

माय म्हणाली, “नको आक्का. मला आज चालत नाय.”

मावशीचा हात थांबला. “आज चालत नाय, का आमच्या घरचं चालत नाय?”

“उपास हाय. येसराचा.”

“उपासाला चहा चालतो की. एकादशीला समदं गाव पितं.”

“येसराला पाणी बी चालत नाय.”

माय खरं बोलत होती. अन् मी तिथं उभी होते, मला हेही माहीत होतं की उपास नसता तरी तिनं तो चहा घेतला नसता. मावशीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मी खाली बघितलं. तिनं मुसळं भिंतीला टेकवून ठेवली अन् अगदी साध्या आवाजात म्हणाली, “मग आमचं उखळ बी नाय चालायचं. त्यात बी आमचंच पाणी मुरलंय.”

लांबनं, मोठ्या रस्त्याच्या बाजूनं, घोषणांचा आवाज आला. मावशीची मान तिकडं वळली. तिचा माणूस तिकडंच होता. आमचा आबा कंपनीत अडकला होता. पुढच्या पाळीची माणसं येऊ शकली नव्हती. दोघी बायका एकाच दिशेनं कान देऊन उभ्या होत्या अन् मधे ती टोपली सादळत होती.

मायेनं पदर खोचला अन् ओट्यावर बसली. “टाका चहा,” म्हणाली.

आजीनं सांगितलेलं किड्यांचं, बरकतीचं सगळं डोळ्यापुढं आलं. मायेनं कपबशी हातात घेतली. ओठाला लावताना चहा बशीत सांडला. तिनं आधी बशीतला प्यायला, मग कपातला. अर्धा नाही ठेवला. मग मला म्हणाली, “तू बी घे.” मी त्या घरात पहिल्यांदा काही तोंडात घातलं. साखर लई होती.

मग दोघींनी मुसळ धरलं. एका उखळात दोन मुसळं चालवणं ज्यानं बघितलं नाही त्याला कसं सांगू? एकीचं वर तेव्हा दुसरीचं खाली. बोटभर चूक झाली तर मुसळावर मुसळ, नाहीतर हातावर. गावाकडं जावाजावा वर्षानुवर्षं बरोबर कांडून तो मेळ बसवतात. या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर उभ्या होत्या. आधी दोन-चारदा चुकलं. मग मावशीनं तोंडानं ‘हूं’ म्हणायला सुरुवात केली, मायेनं तिच्या ‘हूं’ला आपला ‘हूं’ जोडला, अन् एकाएकी चुकायचं बंद झालं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी उखळाजवळ उकिडवी बसून बाहेर उडालेलं आत लोटत होते. जमीन माझ्या तळपायाखाली दणदण हलत होती. नाकात येसर भरलं होतं, डोळ्यांतनं पाणी वाहत होतं अन् मला वाटत होतं की या दोघी आता काहीही करू शकतील. इतकं थक्क मला पुढं कुठल्या मोठ्या माणसानं केलं नाही, अन् मी मोठी माणसं बरीच बघितली.

ऊन कलायच्या आत झालं. मायेनं चाळून त्यातला एक शेर मावशीच्या डब्यात घातला. उखळाचा वाटा म्हणाली. मावशीनं नको म्हटलं नाही. दिवस बुडायला तिचा माणूस धुळीनं माखून परत आला, धड होता. मावशीनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला अन् ती चुलीपुढं जाऊन बसली.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी आला, दोन पाळ्या ओढून अन् रात्र कंपनीतच काढून. मायेनं येसराची आमटी अन् भाकरी पुढं ठेवली अन् वाढताना सांगून टाकलं, “समोरच्या आक्कांच्या उखळात कांडलंय. मी त्यांच्या घरचा चहा बी घेतला. जेवायचं तर जेवा.”

आबानं भाकरी मोडली होती, हात तसाच थांबला. पाचोडला आमच्या घरात हे कुणी ऐकून घेतलं नसतं. मायेचं सगळं लक्ष त्याच्या हाताकडं होतं. त्यानं घास बुडवला अन् खाल्ला. मग आणखी एक. तीन भाकरी खाल्ल्या, शेवटी ताट बोटानं पुसलं. “मावशीला म्हणाव, मिरी जरा मोठी राहिली,” मला म्हणाला अन् तिथंच आडवा झाला.

येसरानंच पोट बरं झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरच्या गोळ्या होत्याच, खोटं कशाला बोलू. पण डबा रिकामा यायला लागला, चौथा खाडा झाला नाही, अन् पुढच्या वर्षी आबा कायम झाला. माय मात्र त्या बरणीत दर आठ दिवसांनी डोकावायची. किडा पडला का बघायची. वर्ष सरलं, बरणीचा तळ दिसला, एक किडा निघाला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात ती भाजलेली टोपली घेऊन समोर गेली, ओट्यावर बसली अन् चहा झाल्यावरच उठली. मग दरसाल तसंच.

मी कॉलेज संपवून शाळेत शिकवायला लागले तोवर नामांतर झालं नव्हतं. ते झालं तेव्हा संक्रांत होती. समोरच्या घरापुढं माणसं जमली होती, गुलाल होता, मावशी दारात उभी राहून रडत होती. येसराचे दिवस नव्हते ते, मिरची बाजारात यायला अजून अवकाश होता. उखळाचं काही काम नव्हतं. माय रिकाम्या हातानं रस्ता ओलांडून गेली. काही हवं असेल म्हणून मीही मागं गेले.

“आक्का, चहा टाका,” माय म्हणाली.

मावशीनं डोळे पुसले अन् आधण ठेवलं. माय ओट्यावर तिच्या नेहमीच्या जागी बसली. कप हातात आल्यावर खाली बघत म्हणाली, “आक्का, त्या दिशी उपास नसता ना, तरी मी चहा घेतला नसता.”

“ठावं हाय मला,” मावशी म्हणाली. “साखर टाकू का आजून?”

“टाका,” माय म्हणाली अन् कप पुढं केला.