कुरमाघरातली शिकवणी

मूल कसं राहतं आणि नको असेल तर काय करायचं, हे आमच्या सिस्टरबाई फळ्यावर चित्र काढून शिकवायच्या. चांद्याला नर्सिंग शिकायला आलेल्या आम्ही पोरी माना खाली घालून बसायचो. "लाजायचं ते घरी जाऊन लाजा," असं त्या म्हणायच्या. मला त्या फार आवडत, आणि मागे बसून खुसखुसणाऱ्यांचा भारी राग यायचा.

एकदा त्या आम्हा दोघींना आरमोरीपलीकडच्या जंगलातल्या गोंडांच्या एका गावी घेऊन गेल्या. तिथली एक बाई मागच्या बाळंतपणात रक्त जाऊन मरता मरता वाचली होती. पुन्हा दिवस गेले तर ती जगणार नाही, अशी सिस्टरबाईंना धास्ती होती. पण तिच्याशी बोलणार कसं? अंगणात बसलो की सासू मध्ये येऊन बसायची आणि सगळी उत्तरं तीच द्यायची. सून आपली गप्प. आम्ही हात हलवत परतलो.

पुढच्या खेपेला सून घरात नव्हती. पाळी आली म्हणून गावाबाहेरच्या कुरमाघरात होती. पाळी असेपर्यंत बायांनी त्या झोपडीतच राहायचं, कुणी त्यांना शिवायचं नाही, अशी तिथली रीत.

"तिथी नका जाऊ बाई," सासू म्हणाली. "गेल्या तं आमच्या घरी पाणी नाई भेटणार."

"नको भेटू दे," म्हणत सिस्टरबाई निघाल्यासुद्धा.

आम्ही वाकून आत शिरलो. इथं ना सासू, ना नवरा. सिस्टरबाई तिला अगदी खेटून बसल्या आणि काडीनं मातीवर तेच फळ्यावरचं चित्र काढू लागल्या. दिवस राहू नयेत म्हणूनची फेसाची गोळी गिळायची नाही, नवऱ्याजवळ जायच्या आधी आत ठेवायची, विरघळेपर्यंत थांबायचं. अंगणात तोंड न उघडणारी ती बाई प्रश्नावर प्रश्न विचारत होती.

"त्याले समजलं तं?"

"तं मी बोलीन त्याच्याशी."

एवढ्या हुशारीनं जागा निवडून वर्ग भरवणारी शिक्षिका मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर गोळ्या द्यायला जाताना सिस्टरबाई आधी कुरमाघराकडेच वळायच्या. गावाच्या लेखी तिथं विटाळ होता. ती तिथं दिसली की सिस्टरबाईंचा जीव भांड्यात पडायचा. तिलाही ते ठाऊक होतं. आम्हाला लांबून पाहताच ती झोपडीच्या दारातून हात वर करायची.

"आली बाई, याही महिन्यात आली."