बाहेर असतात

विजयमालाबाईंवर मी पहिल्याच दिवशी चिडलो. तास संपला, त्यांनी वही पिशवीत घातली, दारात चपला चढवल्या आणि मागे वळून ठसक्यात म्हणाल्या, "आय कम, सर."

"यू गो!" मी ओरडलो. "तुम्ही निघालात. निघालात तर गो म्हणा."

"जाते म्हणू नये सर. निघताना येते म्हणायचं असतंय की."

"इंग्रजीला तुमचे शकुन-अपशकुन कळत नाहीत."

बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. विजयमालाबाई हसल्या नाहीत. "मग ती भाषा जरा अडाणीच म्हणायची," असं म्हणून त्या गेल्या. चौतीस वर्षं सोलापुरात हायस्कूलच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, पण या भाषेला अडाणी कुणी म्हटलं नव्हतं.

मी शरच्चंद्र. निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत माझी बायको रुक्मिणी वारली. त्याला आता पाच वर्षं झाली. घर खायला उठायला लागलं तेव्हा आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते सात, फुकट. लोक म्हणतात, सरांचं समाजकार्य चाललंय. कसलं समाजकार्य! मला संध्याकाळी कुणावर तरी चिडायला हवं होतं.

नव्या बाईला मी पहिला प्रश्न एकच विचारतो, इंग्रजी कशाला हवं? कुणाला नातवाचा अभ्यास घ्यायचा असतो, कुणाला औषधावरचं वाचायचं असतं. विजयमालाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या, सातवी शिकलेल्या. माहेर मंगळवेढ्याकडचं, वडील बिरप्पा मेंढरं राखायचे. इथं त्या शाळांचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर होत्या. एका इंग्रजी शाळेच्या बालवाडीत मावशीची जागा निघणार होती. जूनपासून. पण मुलांशी इंग्रजीत बोलता आलं पाहिजे अशी अट, आणि मोठ्या मॅडम मुलाखत घेणार, तीही इंग्रजीत.

"पगार जास्त आहे का?" मी विचारलं.

"न्हाय, तेवढाच हाय."

"मग काम हलकं असेल."

"पन्नास पोरांची नाकं पुसायची, हलकं कसलं?" त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "सर, मशीनवर दिवसभर कुणी बोलत न्हाय. खोलीवर तर मी एकलीच. तितं दिवसभर कुणीतरी मावशी म्हणून हाक मारंल की."

यावर चिडण्यासारखं मला काही सापडलं नाही. मी त्यांचं नाव लिहून घेतलं.

शिकवायची माझी पद्धत जुनी. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'रोज', उजवीकडे 'काल'. रोजचं ते साधं वर्तमान, कालचं तो साधा भूतकाळ. आय वॉश, आय वॉश्ड. आय गो, आय वेंट. पोरांना हे चार तासांत येतं. या बायकांना चार आठवडे लागले, आणि दोष सगळा त्यांचा नव्हता, थोडा मराठीचाही होता. विजयमालाबाईंना फळ्याजवळ बोलवावं तर बाकावरून न हलता उत्तर यायचं, "आय केम सर, आय केम!"

"कुठे केम? तुम्ही अजून बसल्या आहात!"

"आलेच म्हणाले की मी."

मी कपाळाला हात लावायचो. ज्या भाषेत माणूस जागचं उठायच्या आधी आलेलं असतं, त्या भाषेच्या माणसांना भूतकाळ कसा शिकवायचा? पण त्या चिवट होत्या. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत वाक्यं घोकायच्या. महिन्याभरात दोन्ही रकाने त्यांना पाठ झाले.

मुलाखतीला पंधरा दिवस उरले तेव्हा मी सगळ्यांना स्वतःबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली. विजयमालाबाईंचं नाव, गाव, काम बिनचूक होतं. चौथं वाक्य होतं, "माय हजबंड लिव्ज आउटसाइड."

मला हसूच आलं. "आउटसाइड? म्हणजे दाराबाहेर? पायरीवर बसलेत का?"

वर्गात कुणीच हसलं नाही. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. पण लाल पेन हातात असलं की मला दुसरं काही दिसत नाही.

"बाहेर म्हणजे कुठे? पुणे, हैदराबाद, कुठे ते लिहा. आणि डावीकडच्या रकान्यात घातलंय, तर ते रोज काय करतात तेही सांगता आलं पाहिजे. सांगा, व्हॉट डज ही डू एव्हरी डे?"

विजयमालाबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "मला म्हाईत न्हाय सर."

तास संपल्यावर गौरम्मा मागे थांबल्या. या अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, पापडाचा धंदा करणाऱ्या. वर्गात सगळ्यांत वयस्क म्हणून मला दटावायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

"सर, तुमाला खरंच म्हाईत न्हाय का? आख्ख्या वर्गाला म्हाईत हाय."

मग त्यांनी सांगितलं. नवरा कुमार, टेम्पो चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी मोडनिंबला माल टाकून येतो म्हणून गेला तो गेलाच. मेलाबिला नाही. विजापूरला दुसरा संसार आहे, दोन पोरं आहेत, बघून आलेले लोक आहेत. विजयमालाबाईंना मूलबाळ नाही. कुणी विचारलं, मालक कुठं असतात, की त्या म्हणतात, बाहेर असतात. हे उत्तर कुणी खोडून काढत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी चहासुद्धा केला नाही. माझीच मला लाज वाटत होती. आणि व्याकरणाच्या मास्तरची खोड जात नाही म्हणून 'असतात' याच शब्दावर विचार करत बसलो. 'आहेत' म्हटलं तर लोक विचारणार, कुठे आहेत? 'होते' म्हटलं तर कुंकू पुसायची वेळ. 'असतात' म्हटलं की कुणाला काही विचारता येत नाही. या एका क्रियापदाच्या आडोशाला ही बाई अकरा वर्षं राहिली होती, आणि मी लाल पेन घेऊन आत घुसलो होतो.

पुढच्या तासाला मी लवकर गेलो. त्याही लवकर आल्या होत्या.

"ते चौथं वाक्य काढून टाका," मी म्हणालो. "चार पुरे."

"मंगळसूत्र बघून मॅडम इचारणारच की सर."

"मग मराठीत सांगता तेच सांगा. मी दुरुस्त करून देतो. ही वर्क्स इन पुणे. झालं."

"मराठीत सांगता येतंय. इंग्रजीत अजून खोटं बोलायला येत न्हाय. मी अडकंन."

मी फळ्यावर लिहिलं, आय हॅड अ हजबंड. अर्थ सांगितला, मला नवरा होता.

त्यांचा चेहरा उतरला. "होता म्हटल्यावर मेल्यागत वाटतंय. त्ये जित्ते हायत सर. मी कितीबी रागात असले तरी असलं तोंडातनं काढणार न्हाय."

मग मी लिहिलं, माय हजबंड वेंट. त्यांनी ते वाचलं, पुटपुटत मराठी केलं आणि लगेच डस्टर उचलून स्वतःच पुसलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्यात माणूस 'गेला' म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. रुक्मिणी गेली असंच मीही सगळ्यांना कळवलं होतं.

मला दुसरा शब्द शोधावा लागला. लीव्ह, लेफ्ट. "माय हजबंड लेफ्ट मी."

"लेफ्ट म्हंजे डावा की."

"हा दुसरा लेफ्ट. म्हणजे..." मी अडखळलो. सोडून गेला, हे त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

त्याच म्हणाल्या, "भिशीच्या ग्रुपवर येतंय तसं? सुनीता लेफ्ट, असं?"

"हो. तेच."

"म्हंजे कुणी काढलं न्हाय. आपल्या हातानं भाईर पडलं."

"हो."

"आणि जित्तं हाय."

"हो."

त्यांनी वही उघडून तो शब्द तीनदा लिहिला, आणि म्हणाल्या, "ह्यो बरा हाय."

मुलाखतीच्या आदल्या तासाला मी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. त्यांनी हात मागे बांधले आणि खिडकीकडे बघत सुरुवात केली. "माय नेम इज विजयमाला. आय लिव्ह इन सोलापूर. आय स्टिच स्कूल युनिफॉर्म्स. माय हजबंड लेफ्ट मी इन टू थाउजंड फोर्टीन. आय लिव्ह अलोन."

एकही चूक नाही. रोजचं रोजच्या जागी, कालचं कालच्या जागी. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हेरी गुड! क्लॅप!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. गौरम्मांनी मात्र हात मांडीवर ठेवले होते. टाळ्या चालू असतानाच मी जीभ चावली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या बाईनं आपल्या तोंडानं ही गोष्ट चार माणसांत सांगितली होती, आणि मी तिला शाब्बासकी दिली होती. विजयमालाबाई मात्र मान हलवून "थँक यू सर" म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

मुलाखत झाली त्या दुपारी त्या थेट वाचनालयातच आल्या. मी पेपर वाचत होतो. त्या समोर बसल्या आणि पाणी प्यायल्या.

"मॅडमनी इचारलं, सर. हजबंड काय करतात?"

"मग?"

"सांगितलं. पाठ होतं तसं. मॅडम म्हणाल्या, ओके. मग शेजारच्या क्लार्कला मराठीत म्हणाल्या, टाकलेली आहे, लिहा तसं."

मी पेपर खाली ठेवला. हा शब्द मला माहीत होता. आपल्या भाषेत बाईला चिकटवण्यासाठी तयार असलेला शब्द. करणारा नामानिराळा आणि शिक्का हिच्या कपाळावर. गेली अकरा वर्षं त्या ज्याच्यापासून पळत होत्या, तो हाच.

"मी म्हटलं, मॅडम, टाकलेली लिहू नका. मी तसलं म्हणाले न्हाय. लेफ्ट म्हणाले. भाईर पडले त्ये. मी हाय तितंच हाय." विजयमालाबाईंनी पाण्याचा पेला पुन्हा उचलला. "लई बोलले का सर? जागा गेली असंल का?"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"क्लार्कला म्हणाल्या, एकटी राहते असं लिहा. मग मला इचारलं, डू यू लाइक चिल्ड्रन? मी म्हटलं, येस. तुमी सांगितलं तसं पूर्ण वाक्यात सांगायचं इसरले."

मी म्हणालो, येस पुरेसं आहे. आणि ते मास्तर म्हणून म्हणालो नाही.

तीन आठवडे काही निरोप नव्हता. त्या वर्गाला येत राहिल्या, पण वही उघडायच्या नाहीत. मला वाटलं, गेली जागा, आणि ती माझ्या त्या शब्दापायी. मग मे महिन्यात एक दिवस त्या पेढे घेऊन आल्या. जागा मिळाली होती. वर्गात नुसता गलका झाला. गौरम्मांनी त्यांच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचा फोन आला. याआधी त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"सर, त्रेचाळीस पोरं हायत. दिवसभर मावशी, मावशी, मावशी. एकाचा डबा उघडंना, एकाची नाडी सुटली, एक तर नुसतंच रडत हुतं, मांडीवरनं उतरंना. ओ देऊन देऊन घसा बसलाय बघा."

खरंच बसला होता. त्या हसत होत्या. मीही हसलो. इंग्रजीत काय बोललात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, पोरं मराठीतच रडत्यात, इंग्रजी कुटं काढू.

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"आता घरी आले. कुलूप काढून आत आले." पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. "सर, रोजची सवय हाय मला. अकरा वर्सं हाय. पण आज लईच शांत वाटतंय हो. इतकं कधी वाटलं न्हवतं."

माझ्या घरातही तेवढंच शांत होतं. ठेवू का, असं त्याही म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हणालो नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच फोन कानाला लावून बसलो होतो.