निकेलखालचं पितळ

माझे वडील, आप्पा, मंगळवारी सकाळी सांगलीत वारले. फोन आला तेव्हा मी साताऱ्यात होते आणि तलवारीची मूठ रंगवत होते. दादा म्हणाला, "आप्पा गेले. निघ." मी फोन ठेवला, मुठीचं काम संपवलं, फाइल पाठवली आणि एसटी स्टँडवर गेले.

मुठीच्या त्या कामाला वीस मिनिटं लागली होती. ती मी का दिली, ते अजून मला सांगता येत नाही. त्या कामासाठी कुणी खोळंबलं नव्हतं. सवयीचा हात होता, त्यानं काम संपवलं.

मी मोबाइलवरच्या खेळांसाठी शस्त्रं रंगवते. तलवारी, ढाली, चिलखतं, कधी एखादा मुकुट. हे सगळं कॉम्प्युटरला जोडलेल्या काळ्या पाटीवर पेनानं काढायचं असतं. खेळणारा माणूस ती तलवार अंगठ्याएवढ्या चौकटीत दोन सेकंद बघतो आणि पुढच्या तलवारीकडे जातो. पुण्यात बसून माझं काम तपासणारा एक गृहस्थ आहे. त्याचा शेरा चार वर्षांत बदललेला नाही: अजून चमक हवी. शेतकऱ्याच्या कोयत्यालाही त्याला चमक हवी असते आणि विहिरीवरच्या बादलीलाही. एकदा मी गंजलेली साखळी काढून दिली. ती गंजलेली असावी असं त्यांच्याच कागदावर लिहिलं होतं. शेरा आला, गंज छान, पण चमक हवी.

धातू रंगवणं हे खरं तर बघण्याचं काम आहे. धातूला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे असेल ते तो दाखवतो. वर आकाश, खाली जमीन आणि दोन्हींच्या मधे एक गडद पट्टा. भांडं गोल असेल तर सगळी खोली त्यात वाकून, दबून बसते. त्यात उजेड आणि अंधार एकमेकांना खेटून असतात; मधे मऊ ब्रश फिरवला की धातूचं प्लास्टिक होतं. पितळेवरची चमक पिवळी पडते, निकेलवरची पांढरी. हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि बाजूला ठेवायला एक महिना पुरला, कारण हे कुणालाच नको होतं. लोकांना तीन पट्टे आणि एक पांढरा ठिपका हवा असतो. 'पाच मिनिटांत सोनं' असे व्हिडिओ काढणारी माणसं तेच शिकवतात, आणि त्यांच्याकडून शिकलेली माणसं मग माझं काम तपासतात.

आप्पा बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. लग्नसराई नसेल तेव्हा सांगलीत हळदीच्या गोदामात पोती मोजायचे. एकदा साताऱ्याच्या एका लग्नाची सुपारी त्यांच्या बँडला मिळाली. दुपारी लग्न उरकल्यावर ते बँडच्या लाल कोटातच माझ्या खोलीवर आले. मी चहा ठेवला. तोवर ते माझ्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ही कुनाची गं?"

"राजाची. खेळातल्या."

"मग राजा कुठाय?"

"त्याला दुसरं कुणीतरी काढतं. मी फक्त तलवार काढते."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक पडद्याला लावलं. "हिला कुनी धरलेलंच न्हाई. दुकानातनं आत्ता कागद फाडून काढल्यागत दिसतीय."

"आप्पा, लोकांना अशीच लागते."

"लोकान्ला काय गं, लोकान्ला डॉल्बीबी लागतोय." असं म्हणून ते चहा प्यायला बसले.

मला राग आला होता. मी त्यांना प्रतिबिंब, गडद पट्टा, चमकेचा रंग वगैरे पुष्कळ समजावून सांगितलं. पुस्तकं वाचलेल्या माणसाचा जो सूर असतो तोच माझा होता. ते बशीतला चहा फुंकत "व्हय, व्हय" करत राहिले. त्यांचं ट्रंपेट शेजारी खाटेवर पडलं होतं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

ते ट्रंपेट माझ्याहून वयानं मोठं होतं. पितळेवर निकेलचा मुलामा होता. जिथे ते डाव्या हातानं नळ्या धरायचे तिथला मुलामा घामानं आणि वर्षांनी गेला होता आणि खालचं पितळ उघडं पडलं होतं. त्या पिवळ्या डागाच्या कडेला हिरवट रेघ होती. कर्ण्याच्या तोंडाला एक पोचा होता. एका वरातीत नवरदेवाच्या घोड्यानं मान फिरवली होती तेव्हाचा. आप्पा ते जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. पॉलिश त्यांनी कधी लावलं नाही. एवढं मला आठवतं. पण डाग नेमका कुठून सुरू होतो, किती बोटं रुंद आहे, अंगठ्याखाली येतो की नाही, हे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. रोज आठ तास धातू रंगवणाऱ्या बाईनं घरातला एकमेव खरा धातू पाहिला नव्हता.

तेराव्याला दारात फ्लेक्स लागला. दादाच्या मित्रांनी प्रेमानं केला होता, म्हणून त्याबद्दल बोलायला नको असं सगळे म्हणतात. मी बोलते. सोनेरी अक्षरं होती. तीच अक्षरं चौकात एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला होती. आमच्याकडे जन्मलेल्या आणि मेलेल्या माणसाला एकच सोनं लावतात. आप्पांचा चेहरा आधारकार्डावरून मोठा केलेला होता, आणि त्याखाली फ्लेक्सवाल्यानं इंटरनेटवरून उचलून एक झळझळीत सॅक्सोफोन चिकटवला होता.

बँडमास्तर कमरेवर हात ठेवून फ्लेक्ससमोर उभे राहिले. "आवं वहिनी, हे काय घातलंय त्यांच्या गळ्यात?"

त्यांचा क्लॅरिनेटवाला मागून म्हणाला, "मास्तर, आप्पांनी हे वाजवलं असतं तर आपल्याला हाटेलातल्या लग्नांच्या सुपाऱ्या आल्या असत्या."

माणसं हसली. तेराव्याला लोक हसतातच, त्यात वाईट काही नाही. आई हसली नाही. ती मला आत घेऊन गेली आणि दार लोटून म्हणाली, "तू असलंच काढतीस न्हवं? मग तूच काढ. वर्षश्राद्धाला म्होरल्या खोलीत लावायचंय. त्यांच्या हातात त्यांचंच वाद्य दिसू दे. दुसऱ्या कुनाचं नगं मला."

घरात त्यांचा वाजवतानाचा फोटो नव्हता. हजारभर लग्नांत त्यांनी वाजवलं असेल. पण लग्नाचे फोटो काढणारे बँडवाल्यांना चौकटीबाहेर ठेवतात. दोन-तीन अल्बम आम्ही मागून आणले. एकात नवरदेवाच्या फेट्यामागे लाल कोटाची बाही होती. दुसऱ्यात कर्ण्याचं तोंड होतं आणि बाकीच्या जागी मावशी, आत्या आणि घोडा.

ट्रंपेट दादाकडे होतं. मी साताऱ्याला परतल्यावर त्याला फोन केला. "दिवसाउजेडी अंगणात ठेवून सगळ्या बाजूंनी फोटो काढ. धूळ बसली असेल, जरा चमकव आधी."

जरा चमकव. हे शब्द माझे आहेत. पुण्याच्या त्या गृहस्थाचा शेरा माझ्या तोंडून निघाला आणि मला ऐकूही आला नाही.

आठ दिवसांनी फोटो आले. दादानं ट्रंपेट सांगलीतल्या एका कारागिराकडे नेलं होतं. तो भांड्यांना आणि देवाच्या मुखवट्यांना पॉलिश मारून, मुलामा चढवून देतो. त्यानं पोचा आतून ठोकून काढला, सगळं घासलं आणि नवीन निकेल चढवलं. फोटोत ते आरशासारखं होतं. त्यात अंगण दिसत होतं, दादाची मोटारसायकल, पाण्याची टाकी आणि मोबाइल धरून वाकलेला दादा.

मी फोन लावला. "हे काय केलंस?"

"भारी झालंय न्हवं? कारागीर म्हनला, आता धा वर्सं बघायला नगं."

"दादा, ती हाताची जागा? ते पितळ?"

"त्ये गेलं ना सगळं. लय खराब दिसत हुतं त्ये." मग म्हणाला, "अगं, तूच म्हनलीस न्हवं, चमकव म्हनून? मला वाटलं तुला काढायला बरं पडंल."

काढायला बरंच पडलं असतं. ते हुबेहूब माझ्या तलवारींसारखं झालं होतं. दादा शब्दाला जागला होता, आणि शब्द माझा होता. मी रविवारी सांगलीला गेले. आईनं ट्रंपेट मांडीवर घेतलं होतं. दादासमोर ती म्हणाली, "बरं केलंस बाबा, नव्यावानी झालं." तो बाहेर गेल्यावर तिनं ते नाकाशी नेलं आणि माझ्याकडे दिलं. "वास बी गेला गं."

मग मी आठवून रंगवायला बसले. यासाठीही ब्रश मिळतात. झीज, ओरखडे, गंज, पोचे, सगळं तयार. पाटीवर पेन फिरवलं की नवी वस्तू शंभर वर्षांची होते. ज्यांनी हे ब्रश बनवले त्यांना वाटतं की झीज म्हणजे डाग. कुठेही पाडावेत, दिसायला छान दिसतात. मी ते वापरले. त्या दिवशी मी त्यांच्याहून वेगळी नव्हते. ट्रंपेट सुरेख जुनं झालं. पुढच्या खेपेला सांगलीत मी ते आईला दाखवलं.

"हितं न्हवतं," आई म्हणाली.

"कुठं होतं मग?"

तिनं फळीवरचं लाटणं उचललं आणि तोंडाशी आडवं धरलं. "असं. बोटं अशी. म्हंजे डाग ह्या अंगाला."

दादा दारातनं म्हणाला, "आई, ते असं न्हाई धरत. हात खाली असतोय." त्यानं लाटणं घेतलं आणि वेगळंच धरलं.

"तुला काय ठावं? तू डॉल्बीम्होरं नाचनारा."

"मी त्यांचं वाद्य पेटीत ठेवायचो गं!"

"ठेवायचास. वाजवायचास न्हाई."

दोघं पाच मिनिटं लाटण्यावरून भांडली. मी दोघांचं ऐकून तीन वेळा डाग हलवला. तिसऱ्या वेळी आई लाटणं जागेवर ठेवून म्हणाली, "आता मला बी आठवंना."

त्यानंतरचे नऊ-दहा महिने मी कंपनीच्या तलवारी करत होते आणि अधूनमधून ती फाइल उघडून बंद करत होते; हलवलेला डाग मी पुसून टाकला होता. तिघांच्या तीन आठवणी होत्या आणि खरी वस्तू दादाच्या कपाटात लखलखत होती. कुठलाही डाग काढला असता तरी तो मी बनवलेला झाला असता, आणि आईनं बजावलं होतं, दुसऱ्या कुणाचं नको.

वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं तेव्हा मी ट्रंपेट सोडून हात काढायला घेतला. आप्पांचा डावा हात. त्यासाठी मला फोटो लागला नाही. अंगठ्याचं नख मधून चिरलेलं होतं, गोदामात पोत्याच्या गाडीखाली सापडलं होतं ते. करंगळी सरळ होत नसे. बोटांच्या पेरांत हळद बसलेली असायची, लग्नाच्या दिवशीसुद्धा. हात दोन दिवसांत झाला. मी तो फाइलमधल्या वेगळ्या थरावर, पारदर्शक कागदावर काढावा तसा, काढला होता. सरकवून ट्रंपेटवर आणला तर बरोबर पकडीवर बसला. आणि त्याखाली सगळी भांडणाची जागा झाकली गेली. आईची, दादाची आणि माझी.

ही पळवाट आहे हे मला माहीत होतं. माझ्या धंद्यात जे काढता येत नाही त्यावर धूर सोडतात किंवा पांघरूण टाकतात. मी हात टाकला. बाकी ट्रंपेटवर नवं निकेल मी येऊ दिलं नाही. कडा मळकट ठेवल्या, कर्ण्यावरचा पोचा परत काढला. तो घोडा तिघांनाही सारखाच आठवत होता. कर्ण्यात समोरची माणसं काढली, बारीक, वाकलेली, चेहरे नसलेली.

वर्षश्राद्धाला चित्र पुढच्या खोलीत लागलं. पाहुणे जेवायला बसण्याआधी त्याच्यासमोर थांबत होते. एका चुलत्यांनी विचारलं, "पॉलिश केल्याला फोटू असताना हे मळकं कशाला काढलं? जरा चमक आनली असती तर उठून दिसलं असतं." दादानं माझ्याकडे बघितलं आणि त्यांना पंगतीत नेऊन बसवलं. बँडमास्तर पोचा बघून फक्त "तो घोडा" म्हणाले.

आई सगळ्यात शेवटी आली. तिनं ट्रंपेटकडे बघितलंच नाही. चिरलेल्या नखावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभी राहिली. मी तिला सांगणार होते की त्या हाताखाली काय आहे. सांगितलं नाही.

मी अजून साताऱ्यातच असते आणि तलवारी रंगवते. ट्रंपेट दादाच्या कपाटात आहे, कुणी वाजवत नाही. चित्राची फाइल माझ्याकडे आहे. तिच्यात हाताचा थर बाजूला केला तर खाली, जिथे पितळ उघडं पडलं होतं तिथे, मी काहीच रंगवलेलं नाही.