जावेचा बँड अजून चालतो

मरिया पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती तिच्या हातामुळे. सावेडीच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांत ती एकटीच डावा हात कवायतीतल्यासारखा खांद्यापर्यंत उचलून चालायची. उजव्या हातात पदर. जवळ आली तेव्हा मनगटावरचा पावलं मोजणारा काळा बँड दिसला.

"हात हालला न्हाई तर हे चालणं धरत न्हाई, बाई," ती म्हणाली.

नागापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. नवरा लवकर वारला. मुलगा जस्टिन पुण्याला नोकरीला, आणि शेजारच्याच घरात धाकटी जाऊ आराधना. नाताळला दोघी जावांना एकाच ताग्यातलं कापड घ्यायची त्यांच्या घरात जुनी पद्धत. कुणी रुसायला नको. जस्टिनने ती पाळली आणि एका नाताळला दोघींना एकसारखे बँड आणले. कोण किती चाललं ते त्याला पुण्यात मोबाईलवर दिसे. संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "मम्मी, आज पण काकूला हरवलंस!" हे वाक्य दुसऱ्या दिवशी सगळ्या मैदानाला ऐकावं लागे.

दीडेक वर्षात मरियाचा बँड थकला. घरून भरून आणलेला, दुसऱ्या फेरीला बंद. आराधनाचा मात्र ठणठणीत. मी तिच्याबरोबर मोबाईलच्या दुकानात गेले.

"सेल बदलून दे," मरिया म्हणाली.

"मावशी, हा उघडतच नाही. चिकटवून बंद केलेला असतो. नवीन घ्या."

"बॅटरीचे सेल बदलतात, रेडिओचे बदलतात. भिंतीवरच्या घड्याळाचा मी सोता बदलते. ह्याच्या आत काय सोनं हाय?"

दुकानदार हसला. "चार्जिंग कसं करता?"

"रोज रात्रभर. दुपारी जरा उतरलं की परत."

"मग लवकर जाणारच. असाही काही वर्षांचाच असतो, तुम्ही आणखी घाई केली."

मरियाच्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी. आलं की हंडा, बादल्या, पातेली, शेवटी तांब्यासुद्धा काठोकाठ भरायचा, हा तिचा जन्माचा शिरस्ता. बँडही तिने तसाच भरत ठेवला. आराधना विसरभोळी, आठवेल तेव्हा लावायची, म्हणून तिचा टिकला.

हे कळल्यावर मरियाला जास्तच लागलं. जस्टिनचा फोन आता कधीमधी येई, आणि आला की, "काकू हल्ली भारी चालते गं!"

"चालते कुठं?" मरिया माझ्यापाशी फणफणायची. "झोपाळ्यावर बसून हात हालवती."

ती आराधनाला टाळून लवकर मैदानावर येऊ लागली. चर्चमध्येही दुसऱ्या बाकावर बसू लागली.

एका सकाळी आराधनाने तिला गाठलंच. बँड काढून पुढे केला. "अक्का, घाला. मला काय, असला नसला सारखाच."

मरियाचा हात पुढे झाला आणि तसाच मागे आला. "म्हंजे चालायचं मी, आन जस्टिन म्हननार काकू जिंकली?"

"मग सांगा त्याला, अक्काच चालती म्हणून."

"मी का सांगू? त्यानं विचारायला नको?"

"लई हट्टी बाई," म्हणत आराधना हसली आणि बँड परत घालून पुढे गेली. मरिया तिच्या मनगटाकडे बघत राहिली.

"तिची दोन्ही पोरं घरात हायेत, बाई," ती हळू म्हणाली. "तिला इचारनारी मान्सं हायेत. माझं तेवढंच हुतं."

त्या संध्याकाळी मी तिच्याकडे असताना तिने आपणहून फोन लावला. "जस्टिन, तुला दिसत न्हाई म्हणून मी बसून हाय असं समजू नको. काकूला आजबी हरवलंय."

पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. ती बराच वेळ बोलत होती. येत्या नाताळला नवा बँड आणतो म्हणालाय; सेल बदलता येणारा असेल तरच आण, असं तिने बजावलंय.

सध्या मरिया रोज संध्याकाळी स्वतः पुण्याला फोन लावते. जस्टिन कामात असला तर उचलत नाही. मग ती थोड्या वेळाने परत लावते.