टीव्हीचा कान

टीव्हीचा आवाज नीट करायला जो माणूस घरात येतो, त्याला त्या घरातलं सगळं कळतं. कारण सोपं आहे. ज्या घरात टीव्ही धड ऐकू येत नाही, तिथे सगळ्यांना ओरडून बोलायची सवय लागलेली असते, आणि आपण आलोय म्हणून ती तासाभरासाठी कुणी सोडत नाही. मी आणि पेडणेकर दुबईत हा धंदा करायला लागलो तेव्हा सहा महिन्यांत आमच्याकडे स्पीकरपेक्षा किस्सेच जास्त जमा झाले. पेडणेकर म्हणतो, किस्से ठेवायला गोडाऊन लागत नाही हे एक बरं.

धंद्यात पडलो ते काही हौसेने नाही. व्हिला आणि हॉटेलांमध्ये साउंड सिस्टिम बसवणाऱ्या कंपनीत मी इंजिनियर होतो. २००८ ची मंदी आली, बांधकामांवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या, आणि पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमाराला माझ्या हातात नोकरी संपल्याचं लेटर पडलं. पेडणेकर मूळचा वेंगुर्ल्याचा. दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी डबा टीव्ही टाकून चपटे टीव्ही घेतले तेव्हापासून तोही माश्या मारत बसला होता.

"चपटा टीव्ही बिघडत नाही रे," तो मला म्हणाला, "पण त्याला आवाजच नसतो. त्या पापडात स्पीकर मावणार कुठे? मागे नाही तर खाली तोंड करून बसवतात बिचाऱ्याला. चल, तेवढंच करू." दुकानाच्या लायसन्सवर त्याने माझा व्हिसा काढला.

माझी बायको मेधा, तिने एकच अट घातली. मार्चपर्यंत. आमच्या मुलीचं, इराचं, पाचवीचं वर्ष संपेस्तोवर धंद्यात जीव आला तर राहायचं, नाही तर कायमचं डोंबिवलीला. आमच्या टीव्हीचं मूळ खोकं थर्माकोलसकट कपाटावर होतं. गल्फमध्ये घरोघरी असं खोकं असतं. परत जाताना टीव्ही त्यातच घालून न्यायचा असतो. त्या दिवशी मेधाने ते खाली उतरवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि पुन्हा वर ठेवलं. मला कळायचं ते कळलं.

* * *

पहिलं काम अबू धाबीच्या खलिफा सिटीत, साठ्यांच्या व्हिलात. बावन्न इंची टीव्ही, आणि साठे म्हणतात, "माणसं दिसतात, पण पांघरूण घेऊन बोलल्यासारखी वाटतात."

मी लॅपटॉप काढला, माइक उभा केला, खोलीचा ग्राफ काढला. सोळाशे दिरहमचे स्पीकर, म्हणजे वीस हजार रुपये, असं मनातल्या मनात कोटेशनही तयार केलं. साठेवहिनी चहा घेऊन आल्या तेवढ्यात पेडणेकर उठला. टीव्ही शोकेसच्या कप्प्यात पार मागे, पाठीच्या मखमली अस्तराला चिकटून बसवला होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरून चार इंच पुढे ओढला. बातम्या खणखणीत ऐकू यायला लागल्या.

साठ्यांनी विचारलं, "याचे किती?"

"पेट्रोलचे द्या," पेडणेकर म्हणाला. "ओढायचे घेतले तर वहिनी पुढच्या वेळी धूळ पुसताना परत मागे ढकलतील, आणि भांडण तुमच्यात होईल."

परतीच्या दीड तासात मी बुडालेले सोळाशे दिरहम मोजत होतो. पण त्या आठवड्यात साठ्यांच्या ओळखीतले चार फोन आले.

* * *

नगरकर आमच्याच इंटरनॅशनल सिटीतले, ग्रीस नावाच्या इमारतींच्या क्लस्टरमध्ये राहणारे. त्यांचा टीव्ही दोन वर्षांपूर्वी घेतलेला आणि पहिल्या दिवसापासून "फॉल्टी पीस". घरात शिरलो तर सोफा प्लास्टिकमध्ये, रिमोट प्लास्टिकमध्ये. पेडणेकर टीव्हीखाली वाकला. स्पीकरच्या जाळीवर कंपनीची पारदर्शक पट्टी जशीच्या तशी चिकटलेली.

"ही काढली नाहीत?"

"परत जाताना ओरिजिनल पॅकिंग असलं की बरं असतं," नगरकर म्हणाले.

"काढू?"

नगरकरांनी कोपऱ्यातल्या टीव्हीच्या खोक्याकडे बघितलं. आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "काढा हो! दोन वर्षं हे बातम्या नुसत्या वाचतायत."

पेडणेकरने नखाने टोक उचललं आणि पट्टी सर्रकन ओढली. आवाज सुटला. नगरकरांनी ती पट्टी हातात घेतली, नीट घडी केली आणि खोक्यात ठेवून दिली.

* * *

शारजात एका घरी सून आणि सासरे असे दोघेच दिवसभर असत. मुलगा कामावर. सासरे नवीनच आलेले, गावी नावाजलेले हेडमास्तर. त्यांची तक्रार अगदी नेमकी होती. "आवाज येतो, शब्द येत नाहीत. मालिकेत ढोल वाजतात ते ऐकू येतात आणि बाई काय म्हणाली ते नाही."

मी सेटिंग बदलून ढोल कमी केले, बोलणं वर आणलं, ड्रॅगन मार्टच्या चिनी बाजारातून आणलेले दोन छोटे स्पीकर बाजूला लावले. हेडमास्तर इतके खूश झाले की त्यांनी मला शंभरपैकी ब्याण्णव मार्क दिले.

दोन आठवड्यांनी सुनेचा फोन. "दादा, थोडं बिघडवता येईल का?"

मला वाटलं, आवाज जास्त झाला.

"तसं नाही. आधी ते विचारायचे, काय म्हणाली गं ती? मी सांगायचे. मग त्यावरून गावचं काहीतरी निघायचं. आता सगळं ऐकू येतं, तर दिवसभर आम्ही दोघं गप्प."

मी हा निरोप पेडणेकरला सांगितला. तो तडक शारजाला गेला आणि एक स्पीकर काढून घेऊन आला. बिलावर त्याने लिहिलं: सर्व्हिस, फ्री.

* * *

खोर फक्कानला आमची खरी फजिती झाली. बंदराजवळ एका म्हाताऱ्या अरबाचा चहाचा कॅफेटेरिया. सगळे त्याला अबू सालेम म्हणत. मोठा टीव्ही, त्याच्यासमोर दोन एसी घरघरणारे, आणि मॅच बघायला येणारे लोक चिडलेले. आम्ही दोन तास गाडी हाकत पोचलो, डिकी उघडली. डिकी रिकामी. स्पीकर पेडणेकरने ठेवले असं मला वाटलं होतं आणि मी ठेवले असं त्याला.

अबू सालेम दारात घाई करत उभा. "यल्ला, स्पीकर किधर है?"

पेडणेकरने इकडेतिकडे बघितलं. बंदराच्या गावात खोक्यांचा काय तोटा? मागच्या बाजूला फ्रिजचं एक जाड खोकं पडलं होतं. त्याने त्याचा एक मोठा तुकडा कापला, वाकवला आणि टीव्हीच्या पाठीमागे, मागच्या स्पीकरना कवेत घेऊन उभा केला. भिंतीकडे जाणारा आवाज वळून पुढे आला. कमी ऐकू येणारा माणूस कानामागे हात धरतो, तसंच काहीसं.

"ये क्या है?" अबू सालेमने विचारलं.

"अरबाब," पेडणेकर म्हणाला, इथे मालकाला तसंच म्हणतात, "ये टीव्ही का कान है."

"और स्पीकर?"

"इन्शाल्ला, नेक्स्ट वीक."

पुढच्या आठवड्यात खरोखरीचे स्पीकर घेऊन आम्ही पुन्हा गेलो. अबू सालेमने डिकीत डोकावूनही बघितलं नाही. "खलास," म्हणाला, म्हणजे बस झालं, "कान अच्छा है." आणि आम्हाला चहा पाजून परत पाठवलं.

हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा इरा खूप हसली. "सो फनी, बाबा!" मी म्हटलं, पुठ्ठा मात्र जाडच लागतो, मोठ्या खोक्याचा, साधा लगेच लवतो. मेधाने कपाटाकडे बघितलं. "आपल्या खोक्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

* * *

मेहेंदळ्यांचा पगार कापला गेला तेव्हा त्यांनी बायको-मुलांना पुण्याला पाठवून दिलं. सोबत पडदे, गालिचे, गाद्याही गेल्या. मग फोन केला, टीव्ही घुमतो म्हणून.

फ्लॅटमध्ये एक खुर्ची आणि एक टीव्ही. आम्ही बोललो की आमचेही शब्द दोनदा ऐकू येत होते. पेडणेकरने उघड्या फरशीवरून नजर फिरवली.

"टीव्हीला काही झालेलं नाही साहेब," तो हळूच म्हणाला. "माणसं आणा."

गाडीत बसल्यावर मी मार्चपर्यंतचे आठवडे मोजले. तेव्हा आपलंही घर असंच रिकामं होईल की काय, हेच डोक्यात होतं.

फेब्रुवारीत मेहेंदळ्यांचा फोन आला. नवी नोकरी लागली होती. मागे मुलांचा दंगा इतका चालला होता की ते काय बोलतायत ते मला कळेना. शेवटी एवढंच समजलं, की टीव्ही आता अजिबात घुमत नाही.

* * *

सगळ्यांचे टीव्ही बोलते करणाऱ्या माझ्या घरातला टीव्ही मात्र पुटपुटायचा. मी दोनदा स्पीकर घेऊन आलो, दोन्ही वेळा मेधाने परत न्यायला लावले. "पॅक करायचाय तो. कशाला वायरींचा पसारा?"

मार्च उजाडला. दुकानाचं भाडं आणि इराची फी निघत होती, वर फारसं काही राहत नव्हतं. याला चालणं म्हणायचं की नाही, ते मेधाच ठरवणार होती, आणि तिला विचारायची मला भीती वाटत होती.

इराचा रिझल्ट लागला त्या दिवशी मी संध्याकाळी घरी आलो. दार उघडण्याआधीच बाहेर टीव्हीवरच्या बातम्यांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. मला वाटलं, पेडणेकर येऊन गेला.

"पेडणेकर आला होता?" मी इराला विचारलं.

"नो बाबा. मम्मा डिड इट. विथ द बिग किचन नाइफ."

कपाटावर धुळीत नुसता खोक्याचा चौकोन उरला होता. थर्माकोल कचऱ्याच्या पिशवीत दाराशी ठेवला होता. टीव्ही भिंतीपासून चार इंच पुढे आला होता आणि त्याच्या पाठीमागे जाड पुठ्ठा वाकवून उभा केला होता. मेधा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिने वळून बघितलं नाही.

मी पुठ्ठ्याजवळ गेलो. त्यावर बाण काढून मोठ्या अक्षरांत 'धिस साइड अप' छापलं होतं, आणि पुठ्ठा तिने उलटा लावला होता. मी तो सरळ केला नाही. आवाज उत्तम येत होता.