एफी ड्रमंडच्या वाटा

एफी ड्रमंड माझी शेजारीण. कॉम्री या आमच्या डोंगराळ गावात आम्हा दोघींच्या परसांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत आहे. गेली एकोणीस वर्षं तिच्यावर कोपरं टेकून आम्ही बोलत आलोय. पण शनिवारी एफी कधी भिंतीपाशी दिसायची नाही. शनिवारी ती कुठल्या तरी डोंगराच्या पायथ्याशी मोटारीत बसलेली असायची.

तिचा नवरा रानल्ड सुतारकाम करायचा, पण त्याचा जीव डोंगरांत. आमच्या देशातल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची ती यादी आहे ना, दोनशे ब्याऐंशी नावांची, ती त्याने स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली होती. चढून झाला की नावापुढे सुताराच्या जाड पेन्सिलीने खूण करायची. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो उत्तरेकडच्या एका डोंगरावर पाय मोडून पडला आणि एफीला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तेव्हापासून तिची एकच अट होती. तू वर जा, मी खाली असणार. मग ती विणकाम घेऊन जायची. "तीन वाजेपर्यंत बरं असतं," ती मला सांगायची. "तीननंतर टाके चुकायला लागतात." स्वतः ती कधी एक पाऊलही वर गेली नाही. तो उतरताना दिसला की सुया पिशवीत टाकायची आणि थर्मास उघडायची. त्याला त्यापलीकडे काही माहीत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी रानल्डचा उजवा खुबा बदलावा लागला. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, हळूहळू थोडा चढही चढा, पण खडकाळ उतार आता विसरा. यादीत एकतीस नावं उरली होती. त्याने यादी काढली नाही, पण ते दार दिवसभर उघडंच ठेवायला लागला, म्हणजे यादी भिंतीकडे दडायची.

फिजिओथेरपिस्टने रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. एफी त्याला नदीकाठी घेऊन जायची. दहा मिनिटांत तो बाकावर बसायचा.

"इथं बघायचंय काय? कुत्री आणि कुत्र्यांचे मालक."

"तू बस. मी त्या वळणापर्यंत जाऊन येते."

वळणापलीकडे दुसरं वळण होतं. त्यानंतर एक पूल होता. पुलापलीकडे जंगलात शिरणारी पायवाट होती, ती ओढ्याच्या कडेकडेने वर जात होती. तिथला धबधबा ज्या काळ्या खळग्यात कोसळतो, त्याला सगळे सैतानाची कढई म्हणतात. चाळीस वर्षं या गावात राहून एफीने ती पाहिली नव्हती. एका मंगळवारी तिने ती पाहिली, आणि तिथून वर डोंगराच्या टोकावरच्या दगडी मनोऱ्यापर्यंतही गेली. संध्याकाळी भिंतीपाशी आली तेव्हा तिच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता.

"अगं, वर काहीच नाहीये," ती म्हणाली.

"काहीच नाही म्हणजे?"

"भिण्यासारखं काही नाही. झाडं आहेत, मग गवत आहे. एक बाई तान्ह्या बाळाला पाठीशी बांधून आली होती, सॅन्डविच खात होती. तीस वर्षं खाली बसून मी वर काय काय रचलं होतं, ते तुला सांगायचीसुद्धा लाज वाटते."

आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

रानल्डला कळलं तेव्हा त्याने नाक मुरडलं. "तो डोंगर नव्हे, टेकाड. माझी आजी त्याच्यावर कपडे वाळत घालायची."

"मग तुझ्या आजीला नजारा चांगला मिळायचा," एफी म्हणाली आणि ओटच्या बिस्किटांवर चीज ठेवत राहिली.

पण त्या थंडीत त्याने तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा वाचायला शिकवला. रेषा जवळजवळ आल्या म्हणजे चढ उभा, लांब लांब म्हणजे सोपा. होकायंत्र कसं धरायचं, धुकं आलं तर काय करायचं, सगळं सांगितलं. बढाया सोडल्या तर माणूस छान शिकवतो, असं एफीने मला नंतर सांगितलं. उन्हाळाभर ती आसपासच्या दऱ्या धुंडाळत फिरली. सप्टेंबरात तो म्हणाला, "एक तरी खरा डोंगर चढ. बेन हॉन्झी कर. मी खाली थांबतो."

मी तिच्याबरोबर जाणार होते, पण आदल्या दिवशी मला ताप भरला. ती एकटीच निघाली. रानल्डने तिला वाट सुरू होते तिथे सोडलं आणि मोटार लावून बसला. "तीन वाजता इथे," असं ठरलं. त्या दरीत फोन लागत नाही.

चढ सोपा होता. रुंद कच्चा रस्ता बराच वर जातो, मग पायवाट लागते, आणि माथ्याच्या धारेवर जुन्या कुंपणाचे लोखंडी खांब उभे आहेत. ते धरून गेलं की टोक येतं. एफी टोकावर पोचली तेव्हा एक वाजला होता आणि सगळं धुकं झालं होतं. दगडांच्या आडोशाला बसून तिने सूप प्यायलं. दोन हातांवर एक ससा येऊन तिच्याकडे बघत बसला. नजारा नव्हता, तरी तिला बरं वाटलं.

परतताना ती खांबांच्या कडेने निघाली. पायवाट जिथे धारेवरून खाली वळते, तिथे दगडांची एक छोटी रास आहे. धुक्यात ती तिला दिसलीच नाही. खांब पुढे जात राहिले, तीही जात राहिली. पाऊण तासाने तिच्या लक्षात आलं की आपण उतरत नाही, पुन्हा चढतोय.

"तेव्हा मी घड्याळ पाहिलं," तिने सांगितलं. "माझं मला काही नाही वाटलं. तीनला पोचणं आता शक्य नव्हतं. खाली तो बसलाय, हेच डोक्यात."

उजवीकडे उतार होता. तसंच खाली सुटावं असं फार वाटलं, पण खाली कडा आहे की गवत, ते दिसत नव्हतं. रानल्डने टेबलावर बजावलं होतं, चुकलीस तर जिथं शेवटची खात्री होती तिथं परत जा, कंटाळा आला तरी. ती वळली. एकेका खांबाला हात लावत परत निघाली, आणि प्रत्येक खांबापाशी थांबून उतरणीच्या बाजूला नीट बघत गेली. बऱ्याच वेळाने दगडांची रास दिसली. मघाशी ती तिथून चार हातांवरून गेली होती. मग पायवाट, मग कच्चा रस्ता, आणि एका वळणावर धुकं एकदम वर राहिलं. खाली उन्हात मेंढ्या चरत होत्या, शेतघराचं छप्पर चमकत होतं, आणि त्याच्या बाजूला त्यांची लाल मोटार होती. ती रस्त्यावरच बसली. बुटांच्या सुटलेल्या नाड्या बांधल्या आणि पुन्हा निघाली.

साडेपाच वाजले होते. रानल्ड दोन काठ्या टेकत कच्च्या रस्त्याने वर येत होता. बराच वर आला होता. शेताच्या मालकाला त्याने सांगून ठेवलं होतं की सहापर्यंत आलो नाही तर बचाव पथकाला फोन कर.

"चहा गार झाला," तो म्हणाला.

"असू दे."

"तीनदा ओतला. तीनदा फेकला." त्याने तिच्या बाहीला हात लावला आणि तसाच धरून ठेवला. मग दोघं सावकाश मोटारीपर्यंत उतरले. आत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली नाही.

"एफी, किती वेळा बसलीस गं तू अशी?"

"मी नाही मोजलं. मोजायचं काम तुझं होतं."

तो रडला, असं एफीने मला सांगितलं नाही. ते त्यानेच सांगितलं, नंतर कधीतरी, भिंतीपाशी, माझ्या वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावून देताना. म्हणाला, "अडीच तासांत मी तिचं दफनसुद्धा करून मोकळा झालो होतो. आणि ती हे वर्षानुवर्षं करत होती. विणत होती, एवढंच मला वाटायचं." एफीचं म्हणणं मात्र वेगळं. तिच्या मते त्या दिवशी तीस वर्षांचं ओझं उतरलं, आणि तेही तिला काही समजावून सांगावं न लागता.

बेन हॉन्झी ती परत चढली, मी सोबत होते. स्वच्छ दिवस होता. जिथे तिला खाली सुटावंसं वाटलं होतं, तिथे कडा नव्हता, नुसतं गवत आणि दलदल होती. "बघ," ती म्हणाली, "कदाचित सुखरूप उतरलेही असते." मग थोडं थांबून, "पण बुटांशिवाय."

त्यानंतर उंच डोंगरांचा तिने नाद केला नाही. तिला आवडतात त्या अधल्यामधल्या वाटा. जुन्या काळी गुरं बाजाराला न्यायचे ते दरीतले रस्ते, तळ्याकाठचा बंद पडलेला लोहमार्ग, धनगरांच्या पडक्या घरांपाशी जाणारी ओढ्याकाठची पायवाट. कुठे पाऊल कोरडं राहतं, कुठल्या कुरणात वासरं असलेल्या गाई असतात आणि लांबून जायचं, कुठल्या भिंतीला पाठ टेकून मटण भरलेली पेस्ट्री खाल्ली तर वारा लागत नाही, हे तिला पाठ आहे. बेकरीत ती पूर्वी कामाला होती, तिथल्या बायका आता गुरुवारी तिच्याबरोबर जातात. सगळ्यांत मोठी सदुसष्टची आहे, आणि तीच सगळ्यांत पुढे पळते.

गेल्या मे महिन्यात रानल्ड दोन काठ्या घेऊन दगडी मनोऱ्यापर्यंत चढला. एफीने त्याला तीन ठिकाणी बसवलं. वर पोचल्यावर तो गावाकडे बघत राहिला, आमची दोन्ही छपरं त्याने शोधून काढली.

"आजीच्या कपड्यांना इथं वारा बरा लागत असणार," एफी म्हणाली.

"गप्प बस आणि चहा दे."

उतरताना पाऊस आला. घाई करायची कुणालाच गरज वाटली नाही.